वाडीच्या रस्त्यासाठी ग्रामपंचायतीत जाताना

मुंबईची नोकरी संपवून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी कायमचा राहायला आलो, त्याच पावसाळ्यात फाट्यापासून वाडीपर्यंतच्या रस्त्याची पार चाळण झाली. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. गणपतीनंतर दुसरा दिला, दिवाळीनंतर तिसरा. शेवटी एक दिवस भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, समोर बसवून सांगितलं, "काका, देवळापासून वरचा तुकडा आपला. खालचा सगळा जिल्हा परिषदेचा. तुमचे खड्डे खालच्या तुकड्यात आहेत." तोवर बांधकामाचा हंगाम निघून गेला होता.

तेव्हापासून पाच-सहा वर्षं वाडीतल्या रस्त्यांच्या आणि पाखाड्यांच्या (चढणीच्या पायवाटांच्या) कामासाठी मी ग्रामपंचायतीत जातो आहे. शहरातून गावी परतणारे, नवीन घर बांधणारे, प्लॉट घेऊन राहायला येणारे असे अनेक जण आता तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतो. उदाहरणं कोकणातली असली तरी कायदा सगळ्या महाराष्ट्राला एकच आहे: महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८.

पहिलं काम: रस्ता कोणाचा ते शोधा

राष्ट्रीय महामार्ग सोडले तर आपल्याकडचे रस्ते राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशा उतरंडीत असतात. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या, वाडीतल्या वाटा, पाखाड्या ग्रामपंचायतीकडे. डांबर एकसारखं दिसतं म्हणून मालक एकच असेल असं समजू नका. माझं एक वर्ष त्यातच गेलं.

रस्त्याच्या कडेला प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक असेल तर तो नीट वाचा, फोटो काढून ठेवा. या योजनेतल्या रस्त्याची पहिल्या पाच वर्षांची देखभाल ज्या ठेकेदाराने रस्ता केला त्याच्यावरच असते. काम पूर्ण झाल्याची तारीख फलकावर मिळते. पाच वर्षं झाली नसतील तर ग्रामपंचायतीकडे पैसे मागण्यात अर्थ नाही. 'मेरी सडक' ॲपवर फोटोसह तक्रार टाका किंवा योजनेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज द्या.

ग्रामपंचायतीच्या रस्त्यांची खूण वेगळी. पंचायतीच्या दप्तरात नमुना २३ नावाची नोंदवही असते, तिच्यात पंचायतीच्या ताब्यातले रस्ते लिहिलेले असतात. (इमारतींसाठी नमुना २२, जमिनींसाठी नमुना २४.) आपली वाट त्या वहीत आहे का, लांबी किती लिहिली आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. नोंद नसेल तर ती करून घेणं हेच पहिलं काम. नोंदीशिवाय तिच्यावर खर्च टाकायला कोणताही ग्रामसेवक कचरतो, आणि लेखापरीक्षणाचा विचार केला तर त्याचं बरोबरच आहे.

बिनशेती प्लॉट पाडलेल्या जागेत घर घेतलेल्यांनी इथे जास्त सावध राहावं. 'आत पक्का रस्ता' असं सांगून प्लॉट विकले जातात, पण तो अंतर्गत रस्ता बहुतेकदा जमीनमालकाच्याच नावावर राहिलेला असतो. तो रीतसर ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होईपर्यंत तिथे सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही. घराचे कागद करताना हस्तांतरणाचं काय झालं, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. सगळे प्लॉट विकून झाल्यावर त्याला शोधणं फार कठीण जातं.

तुमचं मत गावात आहे का?

ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या सगळ्यांची सभा. तुमचं मत अजून डोंबिवलीत असेल तर सभेत तुम्ही पाहुणे. स्थलांतरासाठी नमुना ८ भरून नाव गावच्या यादीत आणा. आणि घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावती जपून ठेवा. कर थकलेला असताना रस्ता मागितला की पहिला प्रश्न तिथूनच येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे छोट्या दुरुस्त्या, मोऱ्या उपसणं, दिवे बदलणं हे सगळं याच करातून, म्हणजे ग्रामनिधीतून होतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने पूर्ण कर भरणाऱ्यांना दळण मोफत करून दिलं आणि वसुली मार्गी लावली. हा दाखला मी आमच्या वाडीच्या बैठकीत नेहमी देतो.

ग्रामपंचायतीत कोणाशी बोलायचं? वॉर्डाचा सदस्य, सरपंच आणि ग्रामसेवक. ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, तोंडी मात्र सगळे भाऊसाहेबच म्हणतात. सुरुवात वॉर्ड सदस्यापासून करा. त्याला वगळून थेट सरपंचांकडे गेलं तर गावात ते लागतं, आणि पुढे सभेत ठरावाला अनुमोदन द्यायला हाच माणूस लागणार असतो. आमच्या वॉर्डाच्या सदस्य एक ताई आहेत. कुठल्या वाटेवरून शाळेतली मुलं जातात आणि कुठल्या घरी आजारी माणसाला डोलीतून खाली आणावं लागतं, हे त्यांना तोंडपाठ आहे.

जागेचा प्रश्न आधी सोडवा

कोकणात वाडीचे रस्ते अडतात ते बहुतेक वेळा जागेपायी. पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची वाट असते, पण सातबारावर ती कोणाच्या तरी कलमांच्या बागेतून जात असते, आणि त्या सातबारावर वीस-पंचवीस नावं असतात. त्यातले निम्मे मुंबईला, दोघे-तिघे बडोद्याला, काही वारलेले आणि वारस नोंद न झालेले. एकाने सही केली नाही तर पंचायत म्हणते जागा वादात आहे, आणि मंजूर झालेला निधी दुसऱ्या वाडीला जातो. ही नुसती भीती नाही, आमच्या शेजारच्या वाडीत दोनदा असं झालं.

म्हणून अर्जाच्या आधी हे करा. ज्या गट क्रमांकांतून वाट जाते त्यांचे सातबारे काढा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा घ्या. त्यावर तुटक रेषेने दाखवलेली वाट सापडली तर अर्धं काम झालं. जुन्या नकाशात एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, रुंदी साधारण सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. नकाशावर वाट आहे म्हटल्यावर बोलणी करायला वेगळाच जोर येतो. गावठाणाच्या हद्दीत असाल तर स्वामित्व योजनेत ड्रोनने झालेल्या मोजणीचा नकाशाही बघा.

मग सहहिस्सेदारांची यादी करून संमतीपत्रं गोळा करायला लागा. यासाठी गणपती आणि शिमग्यासारखी वेळ नाही. चाकरमानी गावात असतात, मनं मोकळी असतात, मोठी माणसं शेजारी बसलेली असतात. गावचं मुंबईतलं मंडळ चालू असेल तर त्याची मदत घ्या, मुंबईतल्या सह्या तेच करून आणतात. संमतीपत्रात गट क्रमांक, वाटेची लांबी, रुंदी आणि 'मोबदला मागणार नाही' हे स्पष्ट लिहा. एखादा नाराज असेल तर त्याच्या घरी दोघे-तिघे वडीलधारे घेऊन जा आणि त्याचं म्हणणं ऐका. बहुतेकदा त्याला एक कलमी झाड वाचवायचं असतं किंवा गडगा (दगडी कुंपण) परत बांधून हवा असतो. ते मान्य करून त्याच कागदावर लिहा.

कोणी चालू वाट अडवली असेल तर तो वेगळा मामला. सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण हटवायचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ग्रामपंचायतीला आहे. शेतात जाण्याची वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत अनेकांची हुकते, कारण 'बघू, समजावू' करण्यात पावसाळा जातो. शेताला वाटच नसेल आणि बांधावरून नवीन हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३, अर्ज तहसीलदारांकडेच.

अर्ज लिहिताना

एका अर्जात एकच काम. 'वाडीच्या समस्या' असं मोघम लिहिलेला अर्ज कोणत्याही विषयाखाली बसत नाही आणि तसाच पडून राहतो. कामाचं नाव दप्तराच्या पद्धतीने लिहा: 'मारुती मंदिर ते मराठी शाळा पाखाडी दुरुस्त करणे व गटार बांधणे.' कुठून कुठपर्यंत, अंदाजे किती मीटर, कोणत्या गटातून, किती घरांना उपयोग, पावसात काय होतं, एवढं एका पानात येतं. सोबत चार फोटो, नकाशाची प्रत, संमतीपत्रांच्या प्रती आणि जास्तीत जास्त घरांच्या सह्या. बायकांच्या सह्या नक्की घ्या. पाण्याचे हंडे आणि गवताचे भारे घेऊन त्या वाटेवरून सगळ्यात जास्त त्याच चालतात.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. सरपंच घरचे असले, भाऊसाहेब ओळखीचे असले तरी पोच घ्या. माणसं बदलतात, बदल्या होतात, पुढच्या भाऊसाहेबांसमोर तुमच्याकडे फक्त तो आवक क्रमांक असतो.

ग्रामसभा

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, त्यामुळे विषय त्याच्याही आधी लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. 'आयत्या वेळच्या विषयां'च्या भरवशावर राहू नका. ते येईपर्यंत निम्मी माणसं उठून गेलेली असतात.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आकडा लागतो. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे तहकूब झाली म्हणून घरी बसलात तर पुढच्या सभेत पंधरा माणसं बसून गावाचं ठरवू शकतात. वाडीतून दहा-बारा जण तरी दोन्ही सभांना जा. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. तिथे हाच विषय मांडून ठराव झाला तर मुख्य सभेत तो बाजूला सारणं कठीण जातं.

बोलताना दोन मिनिटांत काम सांगा आणि ठराव मागा. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे घरूनच ठरवून जा. भाषण करायचं नाही, मागच्या सरपंचांचा हिशेब काढायचा नाही. 'ठराव लिहून घ्या आणि वाचून दाखवा' एवढं मात्र आवर्जून म्हणा. आठवड्याभराने ठरावाची नक्कल मागा. तिच्यावर ठराव क्रमांक आणि तारीख असते, पुढच्या प्रत्येक कागदावर हाच क्रमांक लिहायचा.

सगळ्या सभांत २ ऑक्टोबरच्या आसपासची सभा सोडू नका. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तिथून पुढच्या काही महिन्यांत तयार होतो. आराखड्यात काम आलं तर त्याला पैसा मिळण्याची वाट उघडते. नाही आलं तर सगळ्यांची सहानुभूती मिळते आणि काम एक वर्ष पुढे जातं. आराखडा 'ई-ग्रामस्वराज' संकेतस्थळावर चढवला जातो. आपलं काम तिथे दिसतं का, हे स्वतः उघडून बघा.

पैसा कुठून येतो

हे समजून घेतलं की पंचायतीवरचा राग निम्मा कमी होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांच्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, उरलेल्या ४० टक्क्यांतून रस्ता, दिवे वगैरे. समजा वर्षाला दहा लाख आले, तर रस्त्यासकट बाकीच्या सगळ्या कामांना चार लाख, आणि त्यात गावच्या सगळ्या वाड्या. काँक्रीटचा एक बरा तुकडा केला की संपले. त्यापुढच्या वर्षांसाठी काय अटी आहेत ते भाऊसाहेबांकडून समजून घ्या.

त्यामुळे मोठं काम दुसऱ्या खात्यातून आणावं लागतं. गावात 'पंचवीस-पंधराचं काम' असं ऐकाल. ते २५१५ या लेखाशीर्षाखालचं (सरकारी खर्चाच्या खात्यातलं), गावांतर्गत मूलभूत सुविधांचं काम, आणि त्यासाठी पाठपुरावा आमदारांकडून होतो. '३०५४' आणि '५०५४' ही रस्त्यांची लेखाशीर्षं. स्मशानभूमी आणि पंचायतीच्या इमारतीसाठी जनसुविधा योजना. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांसाठी, आदिवासी वस्त्यांसाठी आणि तांड्यांसाठी वेगळ्या योजना आहेत. त्या वस्तीचा रस्ता त्या निधीतून मागावा, सर्वसाधारण निधीतल्या रांगेत उभं राहण्याची गरज नाही. शेतरस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली. वहाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पंचायतीच्या कुवतीबाहेरचा असतो, तो बहुधा जिल्हा वार्षिक योजनेतून होतो. या सगळ्यांना ग्रामसभेचा ठराव लागतोच, म्हणून आधी ठराव आणि मग आमदार, जिल्हा परिषद सदस्य.

पाणी आधी, रस्ता मग

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जे कोसळतं त्याला वाट ठेवली नाही तर कितीही जाड रस्ता तीन पावसांत उखडतो. गटार नसलेला काँक्रीट रस्ता म्हणजे नवा ओहोळ. आमच्या खालच्या आळीत जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकला, तो घरांच्या जोत्यापेक्षा वर आला, आणि त्या पावसाळ्यात तीन घरांच्या पडवीत पाणी शिरलं. ज्यांनी रस्ता मागितला त्यांच्याच घरात.

म्हणून अंदाजपत्रक बनवायला जिल्हा परिषदेचे शाखा अभियंता येतील त्या दिवशी घरी थांबा आणि त्यांच्याबरोबर वाटेवरून चाला. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, कुठल्या पऱ्याला (ओहोळाला) मिळतं, हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. तीन गोष्टी मागा: एका बाजूला तरी गटार, पाणी रस्ता ओलांडतं तिथे मोरी, आणि जुना थर खरवडून मगच नवा. चौथी गोष्ट भाऊसाहेबांना विचारा, नळपाणी योजनेची पाइपलाइन या वाटेने जाणार आहे का? जाणार असेल तर ती आधी टाकून घ्या. जलजीवन मिशनच्या काळात कित्येक गावांत नवे रस्ते पाइपासाठी खोदले गेले. रस्ता आधीच झाला असेल तर निदान आडवे रिकामे पाइप टाकून ठेवायला सांगा, पुढे नळजोड द्यायला फोडाफोड लागत नाही.

चढाच्या पाखाडीला सपाट काँक्रीट मागू नका. पावसात शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात. जांभ्याच्या किंवा काँक्रीटच्या रुंद, कमी उंचीच्या पायऱ्या, बाजूला पाण्याला चर, आणि शक्य तिथे धरायला पाइप.

काम सुरू असताना

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मग कार्यारंभ आदेश, या क्रमाने फाइल जाते. कार्यारंभ आदेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत घ्या. त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. मोजपट्टी घरात असतेच. काँक्रीट पडायच्या आधी खाली खडी-मुरूम दाबला का, फळ्यांची उंची किती आहे, हे बघा आणि फोटो काढा. काँक्रीट झाल्यावर त्यावर मातीचे छोटे बांध घालून निदान दोन आठवडे पाणी साठवून ठेवायला हवं. एप्रिल-मे महिन्यात ठेकेदाराकडे पाणी नसतं, आणि रस्ता तिथेच मार खातो. आमच्या वाडीने पाळी लावून विहिरीचं पाणी मारलं. तो तुकडा आज चार वर्षांनीही तडा न जाता उभा आहे.

कमी दिसलं तर ठेकेदाराशी भांडू नका. त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि शाखा अभियंत्यांना लेखी कळवा, फोटो जोडा. देयक निघण्याआधी मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, तुमचा अर्ज त्याच्या आधीचा असला पाहिजे.

रस्त्यावरच्या दिव्यांचं सोपं आहे. खांबाचा क्रमांक लिहून अर्ज द्या. दिवा पंचायत बदलते, खांब वाकला किंवा तार लोंबत असेल तर महावितरणला कळवायचं.

फाइल हलत नसेल तर

आधी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत विषय आला का ते विचारा. नसेल तर पंचायत समितीत विस्तार अधिकारी (पंचायत), मग गटविकास अधिकारी. जाताना ठरावाची नक्कल आणि सगळ्या पोचा सोबत. रस्त्याचं काम लोकसेवा हक्क कायद्यातल्या दाखल्यांसारखं ठरावीक दिवसांत मिळणाऱ्या सेवेत येत नाही, त्यामुळे तो कायदा इथे दाखवून उपयोग नाही. माहितीचा अधिकार मात्र चालतो: दहा रुपयांचं शुल्क, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. 'का केलं नाही' असं विचारू नका. 'ठराव क्रमांक अमुकवर झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्या' असं मागा. तालुक्याचा लोकशाही दिन (अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस) महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

रस्ता झाल्यावर एक तारीख वाडीने ठरवून टाका. आमच्याकडे मे महिन्याचा शेवटचा रविवार आहे. घरटी एक माणूस, घमेली आणि फावडी, सकाळी सात ते अकरा, सगळी गटारं आणि मोऱ्या उपसायच्या. चहा आळीपाळीने एकेका घरी. मोठा दगड बसून मोरी बंद झालेली आढळली तर दुसऱ्या दिवशी सकाळीच पंचायतीत अर्ज जातो, कारण मृगाला तेव्हा जेमतेम आठवडा उरलेला असतो.